बॅटरी होती, बंदूक नव्हती. बाबांना काय सांगू?

कोराडी_रोड

हे दुसरीकडे कुठे विचारता येत नाही. नातेवाइकांत विचारलं तर संध्याकाळपर्यंत सक्करदऱ्यापासून रामटेकपर्यंत पोचेल. बाबांची पलटण, ती जागा, गाव यातलं काही लिहिणार नाही. कृपया विचारू नका.

मे महिन्यात एका रात्री आमच्याकडचे लाइट गेले. कूलर बंद पडला की नागपुरातल्या घरात माणूस भाजून निघतो, म्हणून सगळे गच्चीवर. बाबा (वय ७२, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त) खाटेवर पडले होते. खालच्या भाडेकरूंचा नववीतला मुलगा थंड पाण्याची कॅन घेऊन जिन्याने वर आला, मोबाईलची बॅटरी लावून. उजेड सरळ बाबांच्या तोंडावर. बाबा खाटेवरून खाली गेले. पडले नाहीत, गेले. पोटावर, कोपरं टेकून. आणि "थम!" असे ओरडले की पोराच्या हातून कॅन सुटली, पाणी जिन्यावरून खालच्या दारापर्यंत.

मग उठले, त्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला, कुडत्याच्या खिशातून विलायची काढून त्याला दिली. त्यानंतर झोपले नाहीत. पहाटे चारला मी चहा केला तेव्हा बोलले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. आईला हे माहीत होतं की नव्हतं, आता कळायला मार्ग नाही.

१९९३ सालची गोष्ट. डोंगराळ भाग, थंडी सुरू झालेली. बाबांच्या हाताखाली नऊ जण. खबर अशी की अमुक वाटेने हत्यारबंद लोक उतरणार. दोन रात्री ओढ्याच्या काठाला पडून काढल्या, कोणी आलं नाही. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला वर उजेड दिसला. लागला, विझला, पुन्हा लागला. बाबांनी तीनदा ललकारलं. उजेड विझला. माणूस थांबला नाही, बाजूला सरकला, हातात काहीतरी लांबट. बाबा म्हणाले, "फायर." त्यांच्या डाव्या हाताला पडलेल्या शिपायाने तीन गोळ्या झाडल्या. तो तेव्हा एकवीस वर्षांचा होता.

उजाडल्यावर पाहिलं तर पन्नाशीचा माणूस. हातात तीन सेलची बॅटरी, झाकण सैल झालेलं म्हणून सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. खांद्यावर दावं. वासरू संध्याकाळी परत आलं नव्हतं, ते शोधायला निघाला होता. वासरू सकाळी आपल्या पायांनी घरी गेलं.

चौकशी झाली, कोणाचाही दोष नाही असं ठरलं. तीन वर्षांनी बाबा पेन्शनवर आले आणि मग नागपुरात एका बँकेच्या दारात अकरा वर्षं बारा बोअरची बंदूक घेऊन उभे राहिले. तीत कधी काडतूस घातलंच नाही, असं परवा सांगितलं. (बँकेला कळलं असतं तर!) तो शिपाई आता पन्नाशी ओलांडलेला, दुसऱ्या राज्यात असतो. दर दिवाळीला त्याचा फोन येतो. "उस्ताद, सब ठीक?" "सब ठीक." संपलं.

चहा पिऊन झाल्यावर बाबांनी मला विचारलं, "यात माझं किती आणि त्याचं किती?" शेताची वाटणी विचारावी तसं. मी म्हटलं, बाबा, तुमची काही चूक नाही, चौकशीतही तसंच निघालं ना. तर म्हणाले, "हे तर साहेबही बोलला होता. तुला काय वाटते ते सांग."

मला सांगता आलं नाही. तुम्ही सांगा. देशभक्तीवर भाषण नको, शांततेवरही नको.


झिरो_माइल

ज्यांनी आपल्यासाठी रात्री जागून काढल्या त्यांना असे प्रश्न विचारणं शोभत नाही. काकांना सॅल्यूट. विषय संपला.


कोराडी_रोड

प्रश्न मी नाही विचारला हो. त्यांनी विचारला.


सुभेदार_कामठी

ताई, मी २८ वर्षं नोकरी केली, आता कामठीले राहतो. काकांले माझा रामराम सांगजा.

पहिले त्या पोट्ट्याचं. एसएलआर, म्हणजे तवाची आमची रायफल, एका वेळी एकच गोळी मारते. तीन गोळ्या म्हणजे तीनदा घोडा दाबला. मॅगझिनमंधी वीस राहते. घाबरलेला जवान वीसच्या वीस खाली करते, त्याचं ऐकून बाजूचे बी सुरू होते, मंग कोनाले थांबवता येत नाई. इथं नऊ जनांत एकानंच मारली अन् तीनवर थांबला. म्हणजे हुकुमावर चालला, हुकुमाच्या बाहेर गेला नाई. त्याच्या वाट्याले मी काई टाकत नाई. ज्यानं हुकूम देल्ला त्याचं. काका हवालदार होते, त्याईले हे आपल्यापेक्षा जास्त समजते, म्हनून तं झोप येत नाई.

पन मी अजून वर जातो. घात लावाची, म्हणजे दबा धरून बसाची, जागा कोनं ठरवली? दिवसा जाऊन ते वाट कोनी पाह्यली होती का? वाट गुराईची आहे का नाई हे शेनावरून समजते, त्याले नकाशा लागत नाई. शेन पाह्यलं नाई तं त्या साहेबाची चूक, अन् शेन पाहून बी तिथंच लावली तं दुप्पट चूक. गावाले सांगितलं होतं का, का रात्री बाहेर निंघू नका? सांगितलं असतं तरी वासराच्या मागं मानूस निंघतेच. माह्या बापानं बी बिबट्याच्या भेवाची पर्वा केली नसती.

अन् एक सांगतो. शहरातल्या लोकाईले वाटते, उजेड दिसला म्हणजे साधा मानूस. उलट आहे. लागला-विझला म्हणजे इशारा बी राहू शकते. ललकारल्यावर विझला तं आनखीनच. काकांच्या जागी मी असतो तं मी बी फायरच म्हटलं असतं. अन् मले बी झोप आली नसती.


काळा_कोट

इथल्याच हायकोर्टात प्रॅक्टिस करते. कायद्याचं तेवढं सांगते, बाकीचं सुभेदारसाहेबांकडे.

भारतीय दंड संहितेच्या कलम ७६ खाली जे उदाहरण छापलेलं होतं ते सैनिकाचंच: वरिष्ठाच्या हुकमाने, कायद्याच्या आज्ञेनुसार, जमावावर गोळी झाडणाऱ्या सैनिकाने गुन्हा केलेला नाही. 'कायद्याच्या आज्ञेनुसार' हे दोन शब्द लोक वाचताना गाळतात. नुसता हुकूम पुरत नाही, हे न्यूरेंबर्गच्या खटल्यातही सांगून झालं. काकांना लागू पडेल ते कलम ७९. वस्तुस्थितीबद्दल गैरसमज झाला, आणि आपण करतोय ते कायद्याला धरून आहे असं माणसाने सद्भावनेने मानलं, तर तो गुन्हा नाही. (नव्या न्याय संहितेत हीच कलमं १४ आणि १७.) मात्र सद्भावना म्हणजे 'माझ्या मनात वाईट नव्हतं' एवढंच नव्हे. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेल्या गोष्टीला कायदा सद्भावना म्हणतच नाही.

१९६० च्या एआयआरमध्ये (कोर्टांचे निकाल छापणारा संग्रह) ओरिसा हायकोर्टाचा एक निकाल आहे, लॉ कॉलेजला सगळ्यांना शिकवतात. पडीक विमानतळावर रात्री उजेड लुकलुकताना दिसला, भुतंच आहेत समजून एका नेपाळी नोकराने त्यांच्यावर खुकरी चालवली. एक बाई गेली, आणखी जखमी झाल्या. त्या आदिवासी बाया कंदील घेऊन मोहफुलं वेचायला आल्या होत्या. कलम ७९ खाली तो सुटला. मी तो निकाल परीक्षेत लिहिला, नंतर दोनदा कोर्टात वापरला. त्या कंदिलाचा विचार मात्र तुमची पोस्ट वाचून पहिल्यांदा केला.

आता फौजेचं. जिथे १९५८ चा सशस्त्र दल विशेष अधिकार कायदा (अफ्स्पा) लागू असतो तिथे कलम ४ गोळी चालवायची मुभा देतं, पण आधी इशारा द्यायचं त्याच कलमात आहे. कलम ६ म्हणतं, केंद्राच्या परवानगीशिवाय खटला नाही. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला, आणि फौजेने स्वतःच केलेली 'हे करा, हे करू नका' ची यादी जवानांवर बंधनकारक असल्याचंही सांगितलं. २०१६ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की अशांत क्षेत्रातही संपूर्ण अभय कोणाला नाही.

हे झालं निकालात. प्रत्यक्षात काय होतं ते नागालँडमधल्या ओटिंगला बघा. ४ डिसेंबर २०२१ ला कोळसा खाणीतून घरी निघालेले सहा मजूर असेच घातीत मारले गेले, त्यानंतर गावकरी आणि जवानांच्या झटापटीत आणखी माणसं गेली, एक जवानही गेला. राज्याच्या पोलिसांनी ३० जवानांवर आरोपपत्र ठेवलं. केंद्राने परवानगी नाकारली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कार्यवाही बंद केली. परवानगी मिळाली नाही म्हणजे ते निर्दोष ठरले असं नव्हे, दोषी ठरले असंही नव्हे. प्रश्न विचारायच्या आत फाइल मिटली.

काकांचं सगळं प्रकरण 'तीनदा ललकारलं' यावर उभं आहे. ते खरं असेल तर माझ्या मते कायद्याने ते सुटतात, आणि मी त्यांची वकील असते तर तिथेच थांबले असते.


अजनीचा_बाबू

थोडं विषयांतर, माफ करा. आम्ही रेल्वेवाले बंगाली, पणजोबा बंगाल-नागपूर रेल्वेत आले ते इथलेच झाले. माझं सगळं शिक्षण मराठीत. माझी आजी अजनीच्या क्वार्टरमध्ये आम्हाला झोपवताना जी अंगाई म्हणायची तिच्यात 'बर्गी' यायचे. बाळ झोपलं, पाडा शांत झाला आणि देशात बर्गी आले, आता खंडणी कुठून द्यायची, असं. बर्गी कोण, हे मला महालातल्या शाळेत सातवीत इतिहास शिकताना उमगलं. नागपूरकर रघुजी भोसल्यांचे घोडेस्वार! १७४२ पासून भास्करपंतांबरोबर बंगालवर तुटून पडलेले. गावं जाळली, लोक मारले. १७५१ चा तह होऊन ओरिसा आणि वर्षाला १२ लाखांची चौथाई मिळाली तेव्हा ते थांबलं. म्हणजे आजी नागपुरात बसून आम्हाला नागपूरच्याच स्वारांची भीती घालत होती.

हे इथे का सांगतोय? 'बर्गी' हा शब्द 'बारगीर'वरून आला. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचं. बारगीर म्हणजे ज्याच्या मांडीखालचा घोडासुद्धा सरकारी. स्वारीवर जायचं की नाही, कुठे जायचं, यातलं काहीच त्याच्या हातात नाही. पण बंगालच्या आयांनी पोरांना रघुजींचं नाव सांगितलं नाही, भास्करपंतांचंही नाही. त्यांच्या अंगणात जो उतरला त्याचं नाव त्यांना माहीत होतं.

म्हणून सुभेदारसाहेब, हुकूम देणाऱ्याचं सगळं आणि पोराचं शून्य, ही वाटणी तुमच्या फौजेत ठीक आहे. पलीकडच्या अंगणात ती कोणी मानत नाही.


सुभेदार_कामठी

बाबूसाहेब, ते लुटीले गेले होते. हे पहाऱ्यावर होते. एका तागडीत टाकू नका.


अजनीचा_बाबू

एका तागडीत टाकत नाही. अंगण कोणाचं होतं तेवढंच म्हणतोय.


पायवाट

मी दक्षिण गडचिरोलीत चौदा वर्षं शिक्षक होतो, आता मानेवाड्याला असतो. तिकडे जवान म्हणजे पोलीस आणि केंद्रीय दलं, फौज नाही. पण रात्र तीच, वाट तीच.

वरची सगळी चर्चा गोळीच्या क्षणावर चालली आहे. फायर म्हणायच्या आधी किती सेकंद होते, कोणी म्हटलं, कोणी दाबलं. मला तो क्षण त्या मानाने साधा वाटतो. माणूस अंधारात घाबरतो, चुकतो. आमच्या नदीपलीकडे बिजापूर जिल्ह्यात एडसमेटाला १७ मे २०१३ च्या रात्री बीजपंडुम या बियाण्यांच्या सणासाठी जमलेले लोक होते. आठ गावकरी मेले, त्यात लहान मुलंही. न्यायालयीन आयोगाने पुढे म्हटलं की जवानांनी घाबरून गोळीबार केला असावा. त्याच्या आदल्या वर्षी जूनमध्ये सारकेगुडाला सतरा गेले. ते नक्षलवादी होते असं जाहीर झालं. नक्षलवादी असल्याचा पुरावा नाही, हे आयोगाचा अहवाल यायला २०१९ उजाडलं.

या सात वर्षांत त्या सतरा घरांत काय झालं असेल ते मी तुम्हाला माझ्या गावावरून सांगू शकतो. मेलेला माणूस कागदावर 'त्यांच्यातला' म्हणून लागला की बायको मदतीचा अर्ज करायला तहसीलला जात नाही, भीतीने. पोराला भरतीत पोलीस व्हेरिफिकेशनची धास्ती. शेजारी लग्नाचं बोलणं करताना दोनदा विचार करतात. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. हजेरीत बापाचं नाव वाचलं की खाली बघायचा. 'चूक झाली' हे वाक्य त्या घराला कधीतरी पचलं असतं. 'तो त्यातलाच होता' हे त्यांना रोज नव्याने खावं लागतं.

व्हिएतनाममधलं माय लाई सगळ्यांना माहीत आहे, १६ मार्च १९६८. तिथे चूक वगैरे नव्हती, अमेरिकन सैनिकांनी दिवसाढवळ्या केलेली गावकऱ्यांची कत्तल होती, म्हणून काकांशी तुलना करत नाही. पण त्या दिवसाचा पहिला अहवाल काय होता? शत्रूचे १२८ ठार. सापडलेली हत्यारं तीन. दोन्ही आकडे एकाच कागदावर होते आणि कोणी भागाकार केला नाही. वर्षभराने, जो त्या दिवशी तिथे नव्हता अशा एका सैनिकाने पत्रं लिहिली, तेव्हा तो झाला.

तर ताई, मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. चौकशीच्या कागदात 'बॅटरी' हा शब्द आहे का? 'दावं' आहे का? असतील तर काकांना सांगा, तुम्ही माणसाच्या हातून होऊ शकतं ते केलं आणि जे होतं ते सांगितलं. नसतील, तर मग गोळीचं किती आणि कोणाचं हा हिशेब नंतर करा. आधी खाली सही कोणाची आहे ते बघा. ती अंधारात केलेली नसते. टेबल असतं, पेन असतं, चहाही आलेला असतो.


झिरो_माइल

तीस वर्षांपूर्वीचे कागद उकरून कोणाचं भलं होणार आहे?


पायवाट

त्या माणसाचा मुलगा असला तर तोही आता पन्नाशीकडे आला असेल. त्याचं भलं होईल की नाही ते त्याला ठरवू द्या ना.


काळा_कोट

पायवाट, तुमचा मुद्दा मान्य. मी 'तिथेच थांबले असते' लिहिलं ते वकील म्हणून. मुलगी म्हणून थांबले नसते.


सुभेदार_कामठी

शिक्षकसाहेब, जबाब कसे लिहिल्या जाते ते मले माहीत आहे. मी बी सह्या केल्या आहेत. जास्त लिहीत नाई.


कोराडी_रोड

चार दिवस लिहिलं नाही कारण विचारायचं धाडस होत नव्हतं. काल संध्याकाळी विचारलं. बाबा कूलरमध्ये पाणी भरत होते. मी पायवाट यांचा प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवला, फोन डोळ्यांपुढे धरून, म्हणजे त्यांच्याकडे बघावं लागू नये. टाकी भरून पाणी फरशीवर यायला लागलं तरी पाइप तसाच हातात. मग मीच नळ बंद केला.

बॅटरी कागदात नाही. 'हत्यारसदृश वस्तू' आहे. दावंही नाही. माणूस 'संशयित वाटाड्या' आहे, म्हणजे त्या हत्यारबंद लोकांना वाट दाखवणारा. बाबांचा जबाब आणि त्या शिपायाचा जबाब शब्दाला शब्द सारखा. लिहून तयार होता, दोघांनी सही केली. बाबांची वर, त्याची खाली. दावं, प्रेत घ्यायला आलेल्या लोकांनी मागून नेलं. बॅटरी कुठे गेली विचारलं तर "माहीत नाही" म्हणाले. माझे वडील खोटं बोलले की मला लहानपणापासून कळतं.

सुभेदारसाहेब, तुमचा रामराम पोचवला. तुमची शेणाची गोष्ट सांगितली तेव्हा बाबा पहिल्यांदा थोडे हसले. म्हणाले, "होतं. शेन होतं तिथं. ओलं होतं." मग हसू गेलं. मी पुढे विचारलं नाही.

काळा कोट ताई, हे तुमच्यासाठी. मी विचारलंही नव्हतं. फरशी पुसत होते, पुसता पुसता थांबले, उजव्या हाताचं एक बोट वर केलं. मला आधी वाटलं पाणी मागताहेत, एक ग्लास. मग म्हणाले, "तीनदा कागदावर आहे. मी एकदा ओरडलो."

रात्री जेवले नाहीत. आत जाऊन फोन लावला. दिवाळी नाही, काही नाही. दार अर्धवट लोटलेलं. मी ओट्यापाशी भांडी घासत होते, नळ बारीक केला. बराच वेळ तिकडचाच माणूस बोलत असावा, मध्येच रडला असावा, कारण बाबा नुसते "हां... हां" करत होते. मग म्हणाले, "टॉर्च ही थी, यार. तू भी जानता है, मैं भी जानता हूँ. अब दोनों लिखेंगे."